काटेपर कुठल्या फांदीवर

२ जानेवारी

सकाळी नसरीनचा फोन. कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती, बी.एस्सी.ला. आता आष्टीच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या मागच्या व्हरांड्यात एक लांब भिंत मोकळी पडली आहे, तिच्यावर माशांचा वंशवृक्ष करायचा म्हणते. खोड आणि फांद्या रंगाने, आणि फांद्यांवर हाताने केलेले सात मासे टांगायचे. मासे करणार तिचे वडील, आमचे वाटूरचे रशीदभाई. चित्रं आणि माहिती मी द्यायची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, तोवर सगळं भिंतीवर हवं.

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून मोकळा झालो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत कोणी माशांबद्दल काही विचारलेलं नाही. विचारतात ते गुडघ्यांबद्दल.

सौ. म्हणाली, "करा. पण घरात खळ-कागदाचा पसारा मांडला तर आठव्या फांदीवर तुम्हालाच टांगते."

५ जानेवारी

र.भाईंकडे गेलो. फाट्याच्या अलीकडची गल्ली, दारात कामट्यांचे भारे. संक्रांत तोंडावर म्हणून पतंगांचं काम जोरात. मोहरमला ताबूत, संक्रांतीला पतंग, मधल्या दिवसांत लग्नांच्या कमानी. सगळं बांबूच्या कामट्या, सुतळी, खळ आणि कागद यांच्यावर. आजोबांपासून हेच.

मी सात मासे समजावून सांगितले. पहिला बिनजबड्याचा. त्यावर थांबवलं मला.

"तोंड हाय, जबडा न्हाई? मंग खात काय व्हता?"

चिखलातलं ओढून घ्यायचा म्हटलं.

"आमचे दाजी दात काढल्यापासून असंच खातेत."

मग विचारलं, हे मासे किती दिवस ठेवायचे. मी म्हटलं, भिंत आहे तोवर. हातातली कामटी खाली ठेवली त्यांनी. म्हणाले, "सर, आमचं काम धा दिवसाचं. धाव्या दिवशी ताबूत थंडा केला, पाण्यात गेला, की झालं. पतंग तर एका दिवसाची. टिकणारं काम आपुन कधी केलंच न्हाई."

नको म्हणतात की काय असं वाटलं. पण आत वळून चहा सांगितला, म्हणजे काम घेतलं.

११ जानेवारी

दिवसभर चित्रं. हात थरथरतो, गेल्या वर्षापासून जास्तच. रेघ सरळ काढायला गेलो की नांगरटीसारखी निघते. तरी पाच झाली.

सहावं माझं लाडकं. ॲकँथोडियन. इतकं लांब नाव पोरांच्या तोंडी बसायचं नाही, म्हणून वर्गात मी त्याला काटेपर म्हणायचो. शेपटीचा सोडून बाकी प्रत्येक पराच्या पुढे एक काटा, आणि पोटाखालीही दोन्ही बाजूंनी काट्यांची रांग. डोळा मोठा. खवले अगदी बारीक. बहुतेक तळहाताएवढे. जबडा असलेल्या पहिल्यावहिल्या माशांतला हा. पंधरा कोटी वर्षांहून जास्त टिकला आणि मग संपला. आज एकही नाही.

आपण त्याला तीन फूट लांबीचा करून घेऊ. एवढा मान त्याला मिळायला हवा.

१५ जाने.

काल संक्रांत. आज र.भाई मोकळे. पहिला सांगाडा उभा केला. माप घेत नाहीत, वीत आणि बोटं. बघत बसलो, जेवायला उशीर, बोलणी खाल्ली.

१९ जानेवारी

नसरीनने फोनवर एक लेख पाठवला, खाली निरोप: "सर, बघून घ्या. काटेपराची फांदी कुठं काढायची ते तुम्ही ठरवा."

भिंग घेऊन तीनदा वाचला. आम्ही शिकवत होतो की काटेपर हा वेगळाच वर्ग, त्याची फांदी स्वतंत्र, आणि असलाच तर हाडाच्या माशांचा, म्हणजे रोहू-कटल्याचा शेजारी. लेखात म्हटलंय की त्यांच्या कवटीच्या आतला भाग आता यंत्राने बघता येतो, आणि तो शार्ककडे झुकतो. काटेपर शार्कच्या फांदीवरचे, शार्क घडायच्या आधीचे.

पटलं. चिडचिड करून बघितली, तरी पटलं.

आता जे लिहायचं ते लिहून टाकतो. नसरीनची शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. टेबलावर काटेपराचा तक्ता. हा कोणाच्या जवळचा, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सर, मला शार्कच्या बाजूचा वाटतो. खवले बघा, शेपूट बघा." बाहेरचे परीक्षक शेजारी बसलेले. मी म्हटलं, "इंग्रजीत काटेरी शार्क म्हणतात म्हणून शार्क? सीताफळात सीता असते का?" परीक्षक हसले. मीही हसलो. ती म्हणाली, नावावरून नाही सर, खवल्यांवरून. मी दहापैकी दोन दिले.

पहिला वर्ग तिचा चार गुणांनी हुकला. एम.एस्सी.ला नंबर लागला नाही. बी.एड. केलं.

२० जाने.

काल रागाच्या भरात अर्धंच लिहिलं. माझी बाजू अशी, की तेव्हाच्या पुस्तकात जे होतं ते मी बरोबर धरलं. त्यात खोट नाही. पण पुस्तकाबाहेरचं उत्तर असलं तरी खवले, शेपूट बघून बोलणाऱ्या पोरीला सहा तरी मिळायला हवे होते. ते दोन गुण उत्तराचे नव्हते. उलट बोलली, तेही पाहुण्यांसमोर, त्याचे होते. हे मला तेव्हाच कळत होतं, आणि वीस वर्षं मी ते कळत नसल्यासारखं केलं.

तिला आठवत असेल का?

२४ जानेवारी

आष्टीच्या बाजारात भोयाच्या टोपलीत शिंगाळा दिसला. घेतला एक, मिशीवाला, चांगला हातभर. र.भाईंना काटा दाखवायचा होता. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या पराला काटा असतो, तो उभा करून अडकवून ठेवतो. काटेपराचा त्याच्याशी नात्याचा काही संबंध नाही, पण पराच्या पुढचा काटा म्हणजे काय ते हाताला कळतं.

सौ.ने उंबऱ्यातच अडवलं. आमच्याकडे मासा शिजत नाही. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या नवऱ्याबरोबर तिचा करारच आहे: मासा पुस्तकात. म्हणून परस्पर र.भाईंकडे.

त्यांनी काटा दोन बोटांत धरून हलवला. "हे मला नगा सांगू सर. ल्हानपणी दुधनेत पोहायला गेल्तो तवा घुसला व्हता तळहातात. महिनाभर पतंग धरता आली न्हाई."

काटेपराचा काटा असा मिटत नव्हता, पक्का बसलेला असायचा, हे सांगितलं.

"म्हंजे कायम उभा. झोपला तरी?"

झोपला तरी.

"बिचारा."

शिंगाळा त्यांच्या घरी शिजला. मी चहाच घेतला. वासावरून मात्र सांगतो, फर्मास झाला असणार.

३० जानेवारी

आज माझं डोकं फिरलं. काटेपर बांधून झाला म्हणून निरोप आला. गेलो. सांगाडा सुरेख, काटे एकेक तासून बसवलेले, पोटाखालची रांग बरोबर. पण शेपूट! वरचं पातं आणि खालचं पातं अगदी सारखी, कात्रीने कापल्यासारखी. काटेपराच्या शेपटीचा वरचा भाग लांब असतो. शार्कसारखा. तीच तर त्याची खूण, आणि चित्रात मी तसंच काढलं होतं.

ओरडलो. चित्र दिसत नाही का, वगैरे. गल्लीतली दोन माणसं थांबली.

र.भाई शांत. म्हणाले, "सर, चित्रात वरची बाजू लांब निघाली व्हती. मला वाटलं, सरांचा हात हालतो म्हणून निघाली आसंल. कसं सांगावं तुम्हाला? म्हणून मीच बराबर करून टाकली. आमच्या कामात दोन्ही बाजू बराबर पाह्यजेत. ताबूत एका अंगानं जास्त झाला तर लोक म्हणतेत, रशीदचा हात गेला."

म्हणजे माझा मान राखायला माझी चूक झाकली होती. जी चूक नव्हतीच.

त्यांनी सुरा घेतला, खालचं पातं दोन बोटं कापलं, वरती एक कामटी वाढवली, सुतळी गुंडाळली. तंबाखू मळायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

"कागद-कामटीचं काम हाय सर. चुकलं की कापायचं, वाढवायचं. तुम्ही एवढं कशाला तापून राह्यले?"

घरी येताना उसाचा रस प्यालो. थंडीत. सौ.ला सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी

सौ.ला सगळं सांगितलं. रस सोडून. तोंडी परीक्षेचंही. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणाली, "त्या माणसानं शेपूट कापायला किती वेळ लावला म्हणालात?"

८ फेब्रुवारी

रविवार. नसरीन मुलांना घेऊन माहेरी आली होती. अंगणात बसलो. सातपैकी पाच मासे कागद लावून दोरीवर वाळत घातलेले, वाऱ्यावर हलत होते. बघून बरं वाटलं. इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, हे लिहायला काय हरकत आहे.

सांगायचं ठरवून गेलो होतो. आधी शाळेचं बोलणं झालं, मग तिच्या सातवीच्या पोरांचं. एक पोरगी रोज विचारते म्हणे, की शेतातली विहीर खणताना काटेपर सापडेल का. नसरीनने तिला काय सांगितलं ते विचारलं. "सांगितलं की आपला काळा दगड लाव्ह्याचा, आणि तो इथं आला तवा काटेपर संपून लई काळ झाल्ता. तर म्हणते, मंग मॅडम, विहिरीत काय सापडेल? म्हटलं, पाणी सापडलं तरी बास."

लेख वाचल्याचं तिला निरोपातून कळवलं होतं. तिने विचारलं, "सर, फांदी ठरली?"

"बघतो," म्हटलं. बघतो! भ्याडपणा नुसता.

"दोन खिळे ठोकून ठेवलेत भिंतीवर. एक हाडाच्या माशांजवळ, एक शार्ककडं. तुम्ही सांगाल तिथं टांगू."

तिच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही. आतून धाकटा ओरडला, "अम्मी, चाय!" आणि ती उठली.

१४ फेब्रु.

रंगावरून वाद. र.भाईंना विचारलं, कुठला रंग देणार. त्यांनी मला विचारलं, "खरा रंग कोणता व्हता?" सांगता येत नाही म्हटलं, दगडात फक्त काटे आणि खवले उरतात.

"कोणालाच म्हाईत न्हाई?"

नक्की असा कोणालाच नाही.

"मंग माझं मला करू द्या."

काटेपराला हिरवा कागद, त्यावर चंदेरी पन्नीचे बारीक बारीक तुकडे. खवले म्हणून. ताबुताची पन्नी. हजारभर तरी असतील, त्यांची बायको आणि सून दोघी तीन दिवस चिकटवत होत्या. काट्यांना सोनेरी. उन्हात धरला तर डोळे दिपतात. शास्त्राच्या पुस्तकात चालणार नाही. मला फार आवडला.

१८ फेब्रुवारी

मासे आष्टीला पोचले. उद्यापासून रोजे, म्हणून र.भाईंना आजच न्यायचे होते. छोटा टेम्पो, सहा मासे आडवे रचून गाद्यांमध्ये, आणि काटेपर त्यांच्या मांडीवर. परतूरपर्यंत त्याचं तोंड खिडकीबाहेर. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. एकाने हात जोडले. कशाला समजला कोण जाणे.

पोरांनी गराडा घातला. विहीरवाली पोरगी ओळखता आली, सगळ्यांत पुढे तीच. र.भाईंनी काटेपर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "काट्याला धरू नको. पोटाखाली हात घाल."

२१ फेब्रुवारी

आज टांगले. बिनजबड्याचा खोडाजवळ, चिलखतवाला त्याच्या वर, मग रोहू, फुप्फुसाचा मासा, पाकट, शार्क. सहा झाले. पोरं व्हरांड्यात मांडी घालून. नसरीन स्टुलावर, हातात हातोडी, खिळे पक्के करत. र.भाई खाली सावलीत, रोजा असल्याने पाणी नाही, पण नजर प्रत्येक गाठीवर.

काटेपर माझ्या हातात.

नसरीन म्हणाली, "सर?"

"शार्ककडे."

"का सर?" तिने विचारलं. पोरांना कळावं म्हणून विचारलं असेल. पण मी एकदम त्या परीक्षेच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन पडलो. म्हटलं, खवले बघा. शेपूट बघा, वरचा भाग लांब आहे. आता कवटीही आतून बघता येते, तीही तेच सांगते. आणि मग थांबता आलं नाही. म्हटलं, "मला हे पहिल्यांदा माझ्या एका विद्यार्थिनीनं तोंडी परीक्षेत सांगितलं होतं. मी तिची थट्टा केली आणि दहापैकी दोन गुण दिले. पुस्तकात वेगळं होतं, हे खरं. पण ती बघून बोलत होती आणि मी बघत नव्हतो. चूक माझी."

र.भाईंनी मान वर केली. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही.

विहीरवाली पोरगी म्हणाली, "मंग ती नापास झाली का सर?"

मी उत्तर द्यायच्या आत स्टुलावरून आवाज आला. "न्हाई झाली." आणि शार्ककडच्या खिळ्यावर एक घाव.

"आता तिला किती देणार?" पोरगी सोडायला तयार नाही.

नसरीनने हात खाली केला. "द्या सर तो मासा." दिला. टांगला तिने, सरळ केला, पन्नी निघालेली एका जागी ती बोटाने दाबली. माझ्याकडे बघितलं नाही. खाली उतरून पोरांना म्हणाली, "चला, वह्या काढा."

परतीच्या गाडीत र.भाई शेजारी. वाटूरला उतरताना म्हणाले, "शेपूट लांबच बराबर दिसून राह्यली, सर."

२२ फेब्रु.

सौ.ला सांगितलं. तिने विचारलं, "मग ती काय म्हणाली?" म्हटलं, वह्या काढा म्हणाली.

झोप मात्र छान लागली. दुपारीसुद्धा.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. गावची मंडळी, सरपंच, पालक. भाषणं आवरती झाली हे विशेष. पोरांनी एकेका माशापाशी उभं राहून माहिती सांगितली. काटेपरापाशी अर्थात विहीरवाली. शेवटी तिने स्वतःचं एक घुसडलं: "हा आता न्हाई. पण ह्याच्या फांदीवरचे अजून समुद्रात हायेत." सरपंचांनी टाळी वाजवली. र.भाई शेवटच्या ओळीत, नवा सदरा. लोक माशांपाशी थांबत होते, ते लांबून बघत होते. नंतर मला म्हणाले, "धा दिवस झाले सर. अजून जागेवरच हाय." (आम्ही बांधायला घेतले त्याला दीड महिना झाला. त्यांनी मोजलं ते टेम्पोतून उतरवल्यापासून.)

गर्दी पांगल्यावर भिंतीपाशी उभा होतो. हाडाच्या माशांजवळचा दुसरा खिळा तसाच होता, रिकामा. नसरीन खुर्च्या उचलत होती. म्हटलं, तो काढायचा राहिला.

"राह्यला न्हाई सर. ठेवला." एक खुर्ची दुसरीत घातली. "उद्या कोणाला आणखी काही दिसलं तर? पुन्हा भिंत कशाला फोडायची."

मी हो म्हटलं. मग उभाच राहिलो. ती दोनदा खुर्च्या ठेवून आली तरी उभा. तिला आठवतं, हे तर नक्की. बाकी काय आहे मनात, विचारायचा धीर झाला नाही.

तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "पुढच्या शनिवारी सातवीची तोंडी घेते, ह्याच भिंतीवर. दहा गुणांची. परीक्षक म्हणून तुम्ही या."

हसत होती का? उन्हाची तिरीप काटेपराच्या पन्नीवरून माझ्या डोळ्यांत, नीट दिसलं नाही.

येतो म्हटलं. ह्या वेळी तिचं वाक्य पुरं झाल्यावर.

शनिवार. आठची एसटी. चष्म्याची काच बदलून घेणे.